वेदीमागच्या भिंतीवरची शिडी

मित्रांनो, आधी माझ्या पायऱ्या मोजा. सोळा भरतील. खालून सातवी पायरी बाकीच्या बहिणींपेक्षा काळपट आहे, कारण ती मागाहून आली. माझ्या अंगावर लाल, निळे, पिवळे ठिपके आहेत. खरवडायला बसलात तर एकाखाली एक दहा रंग निघतील. मी पाट्या रंगवणाऱ्यांची जुनी लाकडी शिडी आहे. शिडीच्या नशिबी दुसऱ्याला वर चढवणे आणि आपण जागच्या जागी उभे राहणे, असे लोक म्हणतात. खोटे नाही ते. पण जागच्या जागी उभे राहूनही मी जे पाहिले, ते पाहायला पुष्कळांना गावोगाव हिंडावे लागेल. तेच आज तुम्हाला सांगते.

मला एका सुताराने घडवले. दोन लांब, सरळ वासे त्याने दोन वर्षे माळ्यावर वाळवत ठेवले होते. कोणी मागितले तर तो म्हणे, "ते विकायचे नाहीत." पायऱ्यांना त्याने एकही खिळा मारला नाही. वाशांना खोबणी पाडून पायऱ्या त्यात ठोकून बसवल्या आणि कडा इतक्या घासल्या की चढणाऱ्याच्या तळव्याला कुसळ लागू नये. त्याला दोन मुलगे होते. दोघांपैकी एकालाही सुतारकाम नको होते. दोघांनाही रंगाचे वेड. दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, असे त्यांनी ठरवले, तेव्हा सुतार म्हणाला, "माझ्या रंध्याला हात लावला नाहीत. निदान माझ्या लाकडावर पाय तरी ठेवा." आणि त्याने मला दोघांच्या स्वाधीन केले.

थोरला अक्षरांचा माणूस. खडूत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणून तो बोटाने उडवायचा आणि अशी रेघ उमटायची की पाणीसुद्धा तिच्यावरून सरळ वाहावे. कुठले अक्षर किती रुंद, दोन अक्षरांत किती जागा, हे तो जमिनीवर उभा राहून नुसत्या नजरेने सांगे. धाकट्याचा हात ब्रशावर बसलेला. उंचीची त्याला भीती नव्हती. त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली. थोरला आखायचा आणि मला धरायचा, धाकटा वर चढून रंगवायचा. थोरल्याच्या डाव्या अंगठ्याजवळ एक घट्टा पडला होता, तो मला धरून धरूनच. डोळे मिटूनही मी तो हात ओळखला असता.

काय काय रंगवले आम्ही! शिंप्याची कात्री, चष्मेवाल्याचे डोळे, दातांच्या डॉक्टरसाठी एक हसरी दाढ. ती दाढ इतकी गोड झाली की डॉक्टर म्हणाले, "आता लोक ही दाढ बघून खूश होतील आणि माझ्याकडे यायचंच विसरतील." बेकरीच्या भिंतीवर धाकट्याने गव्हाची एक ओंबी काढली. तिचे दाणे तोडून घ्यावेत असे वाटे. रस्त्याने जाणारे थांबत, मान वर करत, "वा! काय हात आहे!" म्हणत. सगळ्यांच्या नजरा वर. खाली पाय रोवून, मान खाली घालून जो उभा होता, त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नसे. थोरल्याला त्याचे काही वाटत नव्हते, असे मला वाटायचे. मी चुकत होते.

पुढे गावात मोठे वाचनालय बांधले गेले. त्याच्या दर्शनी भिंतीवर माणसाच्या उंचीची अक्षरे आणि उघड्या पुस्तकाचे चित्र काढायचे काम दोघांना मिळाले. महिनाभर आम्ही तिथेच. काम संपत आले तेव्हा वर्तमानपत्राचा एक बातमीदार आला. त्याने फोटो काढला, पण माझ्या आठव्या पायरीच्या वरचा. थोरला तेव्हा चहा आणायला गेला होता. बातमीदाराने विचारले, "किती जण होतात?" धाकटा म्हणाला, "मी एकटाच." का म्हणाला, कोण जाणे. उंचावरून खालचे डोके फार लहान दिसते, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी थोरला वर्तमानपत्र घेऊनच आला. त्याने आवाज चढवला नाही. फक्त विचारले, "मग शिडी कोणी धरली होती?"

धाकट्याला चूक कळली होती. पण कळलेली चूक कबूल करायची वेळ आली की जीभ जड होते. तो म्हणाला, "शिडी काय, भिंतसुद्धा धरते."

थोरल्याने खडूचा डबा खाली ठेवला, हात पुसले. "बरं," तो म्हणाला, "यापुढे भिंतीलाच सांग." आणि तो निघून गेला.

अकरा वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, बाजारात दिसली की धाकट्याला विचारी, "जेवलास का?" तो मान हलवी. बस, तेवढेच नाते उरले.

त्याच सुमारास प्लास्टिकच्या कापडावर छापलेल्या पाट्या आल्या. सकाळी सांगितली की संध्याकाळी तयार. रंगवलेल्या पाट्यांना कोण विचारतो? धाकटा घरांच्या भिंतींना रोलरने रंग देऊ लागला. रोलरला लांब काठी असते, शिडी लागत नाही. थोरल्याने चर्चमागच्या कबरस्तानात क्रुसांवर नावे लिहायचे काम धरले. आणि मी? मला धाकट्याच्या परसातल्या भिंतीला टेकवून सगळे विसरले. ऊन खाल्ले, पाणी खाल्ले. एक वेल माझ्या पाचव्या पायरीपर्यंत चढली. एक कोंबडी रोज तिसऱ्या पायरीवर बसून मला शहाणपण शिकवी. पाट्यांच्या दिवसांत लोक मला बघायला थांबत. आता मला हलवायलाही कोणी थांबेना.

एके दिवशी परसात दोन माणसे आली. एक होते चर्चचे फादर. तरुण, घाईत असणारे, खिशातला फोन सतत वाजणारे. त्यांच्याबरोबर एक सिस्टर होत्या. ऐंशीच्या घरात, उंचीने माझ्या सहाव्या पायरीएवढ्या, आणि डोळे मात्र चिमणीसारखे सगळीकडे भिरभिरणारे. चाळीस वर्षे त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती आणि चर्चमधली जुनी पवित्र चित्रे कशी घडवत, याचा जन्मभर अभ्यास केला होता.

फादर म्हणाले, "आमच्या वेदीमागच्या भिंतीवर याकोबाच्या स्वप्नाचं चित्र होतं. ओल मुरून सगळं गळून पडलंय. नवीन काढायचंय. सिस्टरांनी बेकरीवरची ओंबी बघितली आणि म्हणाल्या, ज्यानं ही काढली त्यालाच शोधा."

धाकटा संकोचला. "सिस्टर, मी पाट्या रंगवतो. देव नाही."

"देव रंगवायला कोण सांगतंय?" सिस्टर म्हणाल्या. "झोपलेला माणूस रंगवायचाय."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. याकोब नावाचा एक तरुण घर सोडून निघाला. वाटेत दिवस मावळला. उशाला दगड घेऊन तो उघड्यावरच झोपला. त्याला स्वप्न पडले की जमिनीपासून आकाशापर्यंत एक शिडी लागली आहे आणि तिच्यावरून देवदूत चढत-उतरत आहेत.

शिडी! मित्रांनो, वेलीच्या आडून मी ते ऐकले आणि माझ्या सोळाही पायऱ्यांवर काटा आला.

चर्च लहान होते, पण भिंत उंच. बांबूंची परांची बांधता येत नव्हती, कारण रोज सकाळी तिथे प्रार्थना होई आणि वेदी मोकळी लागे. म्हणून धाकट्याने माझ्या अंगावरची वेल काढली, मला धुतले, तेल चोळले, आणि रोज प्रार्थना संपली की मला आत नेऊन भिंतीला लावू लागला. फरशी आरशासारखी गुळगुळीत. मला धरायला कोणी नव्हते. त्याने माझा पाय दोरीने शेजारच्या खांबाला बांधला.

सिस्टर खुर्ची टाकून समोर बसत आणि शिकवत. पन्नाशी उलटलेला धाकटा पहिलीतल्या मुलासारखा ऐके. सिस्टर अंड्याचा बलक हळूच बोटांवर घोळवून त्याचे पातळ कातडे वेगळे करत, पाण्यात फेटत आणि त्यात रंगाची पूड कालवत. असा रंग पटकन वाळतो आणि शेकडो वर्षे टिकतो. "चेहऱ्याला आधी मातकट हिरवा थर दे," त्या सांगत. "मग एकेक उजळ थर चढवत जा. आपण अंधारातून उजेडाकडे जायचं, उलट नाही." धाकटा विचारी, "आणि देवदूताची सावली कुठल्या बाजूला पाडू?" त्या म्हणत, "पाडूच नकोस. त्याच्यावर उजेड बाहेरून पडत नाही, तो आतूनच येतो."

धाकट्यालाही त्याच्या धंद्याची विद्या होती. छोट्या कागदावरचे चित्र चौकटी आखून भिंतीवर मोठे करण्यात त्याचा हात कोण धरणार? सिस्टर ते पाहून चकित होत. "आमच्या जुन्या चित्रकारांनाही हे असंच करावं लागायचं," त्या म्हणत. हळूहळू भिंतीवर गर्द निळे आकाश आले. मग देवदूत आले. त्यांचे डोळे मोठे, बदामी, शांत; बघणाऱ्याला वाटावे, हे आपल्याला ओळखतात. चेहऱ्यांची घडण जुन्या परंपरेची होती. पण खाली झोपलेला याकोब आजचा होता. अंगात चुरगळलेला शर्ट, शेजारी झिजलेल्या चपला, पोटाशी घट्ट धरलेली पाठीवरची बॅग. चर्चच्या कमिटीतल्या एकांनी तक्रार केली, "वेदीमागे चपला?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तो काही राजा नव्हता हो. घर सोडून पळालेला मुलगा होता. अनवाणी कसा पळेल?"

"पळालेला?" वरून धाकट्याने विचारले. "का पळाला?"

सिस्टरांना वाटले, याला ठाऊक असेल. त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली. याकोबाला एक थोरला भाऊ होता, एसाव. वडील म्हातारे, डोळ्यांनी आंधळे. थोरल्याला मिळायचा आशीर्वाद धाकट्याने लबाडीने स्वतः घेतला. थोरल्याच्या नावाचे ते त्याने आपल्या नावावर घेतले आणि मग त्याच्या रागाच्या भीतीने पळाला. वीस वर्षांनी दोघे पुन्हा भेटले. "जुन्या चित्रकारांची एक रीत होती," सिस्टर म्हणाल्या. "आधीचं आणि नंतरचं ते एकाच भिंतीवर दाखवायचे. खाली उजव्या कोपऱ्यात आपण ती भेट काढू. दोन भावांची मिठी."

त्या दिवशी धाकट्याने लवकर ब्रश धुतले.

पुढच्या आठवड्यात त्याने ती मिठी चार वेळा काढली आणि चार वेळा पुसली. याकोबाचा चेहराही त्याने कोराच ठेवला. चित्राचे अनावरण करायला बिशप यायचे होते, त्याला तीनच आठवडे उरले होते. फादर रोज येऊन कोऱ्या चेहऱ्याकडे बघत आणि घड्याळाकडे बघत.

"अरे, मिठी कधी बघितली नाहीस का?" सिस्टरांनी एकदा विचारले.

"बघितलीय," तो म्हणाला. "जमत नाही."

आता मला जे सांगायचे आहे, ते सकाळी अकराच्या सुमारास घडले. फरशी नुकतीच साबणाने धुतली होती. सिस्टर रंगाची पूड आणायला आत गेल्या होत्या. धाकटा तेराव्या पायरीवर उभा राहून देवदूताचा पंख रंगवत होता. मला जाणवले, माझा पाय बोटभर सरकला. दोरी ओली होऊन सैल झाली होती. मी ओरडणार कशी? पुन्हा सरकले, या वेळी वीतभर. मी वाकले, हादरले, आणि इतकी वर्षे ऊन-पाणी खाल्लेली माझी सातवी पायरी काडकन तडकली. वर धाकट्याने दोन्ही हातांनी माझे वासे घट्ट पकडले. खाली दगडी फरशी होती. पुढे काय होणार, ते त्याला आणि मला, दोघांनाही कळले होते.

तेवढ्यात बाजूच्या दारात रंगाचा डबा पडल्याचा आवाज झाला. कोणीतरी धावत आले आणि दोन हातांनी मला भिंतीशी दाबून धरले. एक पाय माझ्या पायाला टेकू म्हणून लागला. डाव्या अंगठ्याजवळ घट्टा होता.

थोरला रोज बाजूच्या दारापुढूनच कबरस्तानात जात असे. धाकटा मला आत नेताना त्याने कितीदा पाहिले असेल! मला कोणी धरत नाही, हेही त्याने पाहिले असेल. त्या दिवशी तो दारात थांबला होता, एवढेच मला ठाऊक आहे.

वर धाकट्याने खाली पाहिले नाही. पाहायची गरजच नव्हती. मी ज्या रीतीने स्थिर झाले होते, त्यावरूनच त्याने ओळखले. त्याच्या ब्रशावरून निळ्या रंगाचा एक थेंब सुटला आणि थोरल्याच्या कपाळावर पडला. थोरल्याने तो पुसला नाही. पुसायला हात सोडावा लागला असता.

मग वरून आवाज आला, "दादा, हा डावा पंख सरळ आहे का?"

थोरल्याने मान वर केली, डोळे बारीक केले. "दोन बोटं खाली आलाय," तो म्हणाला. "पण आधी खाली ये, बाळ. सातवी पायरी तडकलीय. आठवीवरून थेट सहावीवर पाय टाक."

पन्नाशीच्या माणसाला 'बाळ' म्हणणारे जगात फार थोडे उरलेले असतात. धाकटा खाली उतरला. दोघे समोरासमोर उभे राहिले. इतक्यात सिस्टर आल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा दोघांकडे, आणि म्हणाल्या, "आधी दोघं पाणी प्या."

थोरल्याने त्याच दुपारी माझी तडकलेली पायरी काढली. चर्चच्या अडगळीत एक मोडका बाक होता. त्याच्या लाकडाची नवी पायरी त्याने घासून, खोबणीत ठोकून बसवली. सुतारकामाला नाही म्हणालेला हा मुलगा बापासारखाच जीभ बाहेर काढून रंधा मारत होता. मग तो भिंतीपुढे उभा राहिला. भिंतीवरची शिडी अजून नुसती आखलेली होती, सोनेरी करायची होती.

"ही सोन्याची कशाला?" थोरला म्हणाला. "याकोब काय, मी काय, आपण सगळ्यांनी लाकडाचीच शिडी बघितलीय. त्याच्या स्वप्नात तीच येणार ना? बाबांनी केलेली काढ. उजेड पाहिजे तर कडेकडेनं सोनं लाव."

सिस्टरांनी टाळी वाजवली. "बरोबर! लाकूड लाकडासारखंच राहू दे. उजेड त्याच्यावर उतरू दे."

अशी मी भिंतीवर आले, मित्रांनो. सोळा पायऱ्यांची, रंगाच्या ठिपक्यांसकट, काळपट सातव्या पायरीसकट. माझ्यावर देवदूतांचे पाय! शिंप्याच्या कात्रीसाठी आणि डॉक्टरांच्या दाढेसाठी राबलेली मी. मला इतका संकोच वाटला की भिंतीला टेकून उभे राहणेही जड झाले.

दुसऱ्या दिवशी वहिनी दोघांचा डबा घेऊन आली. सिस्टरांनी संधी साधली. "चला, उभे राहा समोरासमोर. मला त्या कोपऱ्यातल्या मिठीसाठी नमुना पाहिजे." दोघे उभे राहिले. हात बाजूला, नजर फरशीवर.

"अरे, हे काय? कपड्याचं माप देताय का?"

"सिस्टर, आमच्या लग्नाच्या फोटोतही हे असेच उभे आहेत," वहिनी म्हणाली. "फोटोवाल्यानं विचारलं होतं, हे खांबाला टेकलेत की खांबच आहेत?"

दोघांना हसू फुटले, आणि त्या हसण्यातच कोणाचा तरी हात पुढे आला. आधी कोणाचा, ते मला दिसले नाही. थोरल्याचा तळवा धाकट्याच्या मानेवर टेकला. धाकट्याचे तोंड थोरल्याच्या खांद्यात बुडाले.

"गोष्टीत थोरला धावत येतो," कागदावर पेन्सिल चालवत सिस्टर म्हणाल्या.

"माझे गुडघे दुखतात," थोरला म्हणाला. "धावणारा चित्रातच काढा."

मी सिस्टरांच्या मागेच टेकलेली होते. त्यांचे रेखाटन दोन मिनिटांत पुरे झाले होते, मी डोळ्यांनी पाहिले. पण त्या म्हणाल्या, "हलू नका, अजून व्हायचंय." चांगला पाव तास त्या दुसऱ्या कोऱ्या कागदावर नुसतीच पेन्सिल फिरवत राहिल्या.

त्यानंतर काम झपाट्याने होऊ लागले. थोरला खाली, धाकटा वर. सोन्याचा वर्ख चढवायचा दिवस आला. वर्ख इतका तलम असतो की तो हाताने उचलता येत नाही. मऊ ब्रश आधी आपल्या गालावर फिरवायचा, गालाचा जो किंचित तेलकटपणा त्याला लागतो, त्याने वर्ख उचलायचा आणि श्वास रोखून भिंतीवर अलगद टेकवायचा. दारे-खिडक्या बंद, पंखे बंद. सिस्टरांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितले होते. आणि नेमके त्याच क्षणी, ब्रशावर वर्ख असताना, भिंतीकडे तोंड करून धाकटा म्हणाला, "दादा, तेव्हा मी चुकलो."

फुर्रर! वर्ख उडाला, गरगरत खाली आला आणि थोरल्याच्या मिशीवर बसला.

सिस्टर कपाळावर हात मारून घेणार होत्या, पण थांबल्या. थोरला जागचा हलला नाही. "चुकलास, ते कळलं," तो म्हणाला. "मीही ते बोलणं अकरा वर्षं कुरवाळत बसलो. आता श्वास रोख आणि दुसरा वर्ख उचल."

सर्वांत शेवटी याकोबाचा चेहरा झाला. धाकट्याने खिशातून छोटा आरसा काढला आणि आपलाच चेहरा काढला, तीस वर्षांनी तरुण करून. थोरल्याने नीट बघितले. "नाक एवढं सरळ कधी होतं रे तुझं?" नाक थोडे वाकडे झाले आणि चेहरा एकदम जिवंत झाला. फादरांना चित्राखाली मोठ्या अक्षरांत एक वचन हवे होते आणि थोरल्यासारखा अक्षरांचा माणूस समोरच होता. त्याने दोरा काढला, माप घेतले, आणि दोरा गुंडाळून खिशात टाकला. "इथे अक्षर नको, फादर," तो म्हणाला. "पोरगा दमून झोपलाय. झोपू द्या." खाली कोणाची सहीसुद्धा नाही. तशी त्या परंपरेची रीतच आहे, असे सिस्टर म्हणाल्या, आणि दोघांपैकी कोणीच हट्ट धरला नाही.

बिशप आले, दिवे लागले, पडदा सरकला. मी मागच्या दाराशी आडवी पडून सगळे बघत होते. निळ्या आकाशातून उतरणारे ते शांत चेहरे, लाकडाच्या कडांवर थरथरणारे सोने, आणि खाली बॅग पोटाशी धरून झोपलेला एक साधा मुलगा. शेवटच्या बाकावर दूरच्या गावाहून कामाला आलेला एक रखवालदार बसला होता. रात्रपाळी करून तो थेट आला होता. त्याने चित्रातल्या चपलांकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे. शेजारच्याला तो हळूच म्हणाला, "हा तर मीच." मला वाटते, त्या दिवशीची सगळ्यांत मोठी शाबासकी तीच होती.

पुढे वर्ष लोटले. एका सकाळी थोरला प्रार्थनेला बसला असताना त्याला चित्राच्या वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा काळा डाग दिसला. प्रार्थना संपायची वाट न बघता तो उठला आणि बाहेरून भिंतीच्या मागे गेला. वर छपराच्या कडेची पन्हळ तुंबली होती. कुजकी पाने, चिखल, एक चेंडू. पाणी वाहून जायला वाटच नव्हती. ते भिंतीत मुरत होते. जुने चित्र कशाने मेले, ते तेव्हा सगळ्यांना कळले. इतकी वर्षे लोक आत उभे राहून हळहळत होते आणि बाहेर जाऊन वर बघायचे कोणालाच सुचले नव्हते.

फादर म्हणाले, "मी माणूस बोलावतो."

"तो येईपर्यंत देवदूताचे पंख भिजतील," थोरला म्हणाला आणि त्याने भावाला हाक मारली.

तेव्हापासून माझे हेच काम आहे. महिन्यातून एकदा मी चर्चच्या मागच्या बाजूला, कबरस्तानाच्या अंगाला उभी राहते. धाकटा बादली घेऊन वर चढतो, थोरला खाली धरतो. आता सिस्टर येत नाहीत. त्या अंथरुणाला खिळल्या आहेत, पण काम झाले की नाही, हे विचारायला त्या निरोप पाठवतात. इथे कोणी मान वर करून "वा!" म्हणत नाही. कधी पानांचा गाळ माझ्या अंगावर पडतो. मला त्याचे वाईट वाटत नाही. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला माझ्या पायऱ्यांवरून देवदूत उतरत आहेत, आणि बाहेरच्या बाजूला मी पाठीला पाठ लावून उभी आहे. मधे हातभर जाडीची भिंत आहे, आणि ती कोरडी आहे.

मित्रांनो, चित्र सुंदर वाटले तर त्याचे कौतुक जरूर करा, पोटभर करा. पण मग बाहेर येऊन त्या भिंतीला एक वळसा घाला. पन्हळ तुंबलेली दिसली, खिडकीतून पाणी येताना दिसले, तर कोणाला तरी सांगा. चित्र काढणारा एकदा काढून जातो. ते जपणाऱ्यांना पुन्हा पुन्हा यावे लागते. आणि माझ्यासारख्या जुन्या हत्यारांना काम झाल्यावर उन्हात टेकवून विसरू नका. पुसा, तेल लावा, छपराखाली आडवे टांगा.

आता मला निघायला हवे. आज महिन्याचा पहिला शनिवार. दोघे भाऊ फाटकातून येताहेत, कोणाची बादली गळकी यावर त्यांचे भांडण जुंपले आहे. ते थांबेल की नाही, सांगता येत नाही. पण आता माझे एक टोक थोरल्याच्या खांद्यावर जाईल आणि दुसरे धाकट्याच्या. मला न्यायचे म्हणजे दोघांना पावलाला पाऊल जुळवावेच लागते.